चिकन आणताना आणि शिजवताना या चुका टाळा

गटारीच्या सकाळी चिकनच्या दुकानापुढे रांग लागते. सगळ्यांचे डोळे दराच्या पाटीवर. पिंजऱ्याकडे कोणी बघत नाही, आणि पहिली चूक तिथेच होते.

कोंबड्या एकमेकींवर चढल्यात, चोच उघडी टाकून धापताहेत, पिसं विष्ठेनं चिकटलीत, पाण्याचं भांडं कोरडं आहे? तिथून निघा. मुक्या जिवाची कीव आली म्हणून निघा, नाहीतर स्वतःच्या पोटासाठी निघा. भेदरलेल्या, दाटीत कोंबलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू जास्त पडतात आणि एकीच्या पिसांवरून दुसरीकडे जातात. पाय बांधून, उलट्या लटकवून त्यांना स्कूटरवरून हाल करत नेणं हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. रोज दिसतो, एवढंच.

कापून ठेवलेलं मांस स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. पिंजऱ्यातच मेलेल्या पक्ष्याचं रक्त नीट वाहून जात नाही; मांस काळपट लाल दिसतं. समोर कापून घ्या.

‘बॉयलर कोंबडी हार्मोनच्या इंजेक्शननं फुगवतात’ हे ऐकीव आहे. चाळीसेक दिवसांत ती दोन किलो भरते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. त्या वजनानं तिचे पाय अधू होतात, ते मात्र खरं. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना दिलं जात होतं. २०१९ मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली.

घरी आल्यावर चिकन धो धो नळाखाली धरू नका. शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. न धुता आपल्याकडे कोण शिजवणार म्हणा, पण मग पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धुवा आणि सिंक साबणानं घासा. त्याच सुरीनं कांदा चिरू नका. हळद-मीठ लावून मुरवायचं ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही.

शिजल्यावरही हाडाजवळ लालसर दिसलं तर लगेच कच्चं समजू नका. कोवळ्या पक्ष्याच्या हाडांतून मगजाचा रंग झिरपतो. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा स्वयंपाकाचा थर्मामीटर जाड भागात खुपसून बघा: ७४ अंश सेल्सिअस दाखवला की झालं.