स्वभाव बदललाय की नुसतं वय झालंय? घरच्या घरी ओळखायची वही-पेन पद्धत

आमच्या घरात सध्या चार वयं एकत्र नांदतायत, ३ वर्षांची पुतणी, १४ चा मुलगा, ४४ चा मी आणि ७६ चे अण्णा, आणि कोणीही वेडंवाकडं वागलं की उत्तर तयारच असतं. पुतणीचं "लहान आहे अजून", मुलाचं "वयच तसं आहे", अण्णांचं "आता वय झालं", आणि माझ्या वेळी मात्र "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही". म्हणजे बाकी सगळ्यांना वयाची सूट आणि मलाच नाही. ह्या वैतागातूनच ही वही सुरू झाली, आणि पुढे तिचा खरोखर उपयोग झाला म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावायचे आठवतंय? पाचवी ते दहावी सगळेच वाढतात, पण पुढे उभा राहणारा बुटका बहुतेक पुढेच राहतो. स्वभावाचंही तसंच दोन पातळ्यांवर चालतं. वयाबरोबर सगळ्यांचाच स्वभाव एका बाजूला सरकतो, आणि तरी चारचौघांत आपला नंबर साधारण तिथेच राहतो. "माणूस बदलतो" म्हणणारा पहिल्या गोष्टीबद्दल बोलत असतो आणि "स्वभावाला औषध नाही" म्हणणारा दुसऱ्या, दोघंही अर्धे बरोबर आणि भांडण मात्र जन्मभर.

हा नंबर किती टिकतो हे मोजलेलं पण आहे. रॉबर्ट्स आणि डेलवेकिओ ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली, त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा तपासलेले १५२ अभ्यास एकत्र केले. १ म्हणजे रांग जशीच्या तशी आणि ० म्हणजे पूर्ण विस्कटलेली असं धरलं तर लहानपणी आकडा ०.३१ च्या आसपास, कॉलेजात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नास ते सत्तरमध्ये ०.७४. विल्यम जेम्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलं होतं की तिशीनंतर स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. घट्ट होत जातो हे खरं, पण तिशीत तरी प्लास्टर बऱ्यापैकी ओलंच असतं.

आता काम. एक साधी वही घ्या, एका वेळी एकच माणूस, आणि दोन आठवडे रोज दोन-तीन ओळी. विशेषण लिहायचं नाही, घडलं ते लिहायचं. "अण्णा चिडके झालेत" हे बाद. "दूधवाला ७ ऐवजी साडेसातला आला, अण्णा दारातच दोन वाक्यं जोरात बोलले, चहा होईपर्यंत विसरले" हे चालेल. दोन आठवडे का, तर एका दिवसाचा मूड असतो, स्वभाव नसतो, आणि पाहुणे आलेले, परीक्षा चालू, लाइट गेलेली असले दिवस पण मध्ये यायला हवेत.

पंधरा दिवसांनी ह्या ओळी पाच खणांत टाका. मानसशास्त्रात बिग फाइव्ह म्हणतात त्याचेच आपल्या भाषेतले खण: नवीन काही करून बघायची हौस, टापटीप आणि शब्दाला जागणं, माणसांत रमणं, मिळतंजुळतं घेणं, आणि पाचवा जीवाची घालमेल. गुण बिण देत बसू नका, कुठल्या खणात गर्दी झाली एवढंच बघा.

आता वयाचा हिशोब, कारण तीच नोंद ३ वर्षांच्या मुलीची आणि ७६ वर्षांच्या माणसाची वेगळी वाचावी लागते.

अगदी लहान पोरांमध्ये एवढंच बघा की नवीन जागी, नवीन माणसापाशी रुळायला किती वेळ लागतो. थॉमस आणि चेस ह्या मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायकोने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. साधारण ४० टक्के सोपी मुलं, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी आणि उरलेली कुठल्याच डब्यात न बसणारी असा त्यांचा हिशोब. पुतणी त्या १५ मधली. लग्नाच्या हॉलमध्ये पहिला पाऊण तास वहिनीच्या पदराखाली, आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत नवरीच्या खुर्चीवर. आम्ही आधी तिला आत शिरल्या शिरल्या "काकाला हाय कर, आजीला पाया पड" करायचो आणि मग रडारड. आता अर्धा तास आधी जातो, कोणी तिला उचलायचं नाही, झालं. पोरीचा स्वभाव बदलला नाही, आम्ही वेळ बदलली. थॉमस-चेसचा मुद्दा पण हाच होता, की पोराचा स्वभाव आणि घराची अपेक्षा ह्यांचा मेळ बसतोय का ते बघा.

१० ते १६ मध्ये नोंदी करा पण निकाल लावू नका. २०११ मध्ये सोटो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १० ते ६५ वयाच्या बारा लाखांवर लोकांची उत्तरं तपासली, त्यात टापटीप आणि मिळतंजुळतं घेणं हे दोन्ही ह्या वयाच्या सुरुवातीला चक्क खाली जातात आणि नंतर वर येतात. म्हणजे चौथीत स्वतः दप्तर भरणारा मुलगा आठवीत डबा शाळेत विसरतो हे बिघडणं नाही, खड्डा आहे. माझं स्वतःचं प्रगतिपुस्तक काढून बघितलं, आठवीचा शेरा "अत्यंत बेजबाबदार, वर्गात लक्ष नसते". स्कॉटलंडमध्ये तर १४ वर्षांच्या मुलांबद्दल शिक्षकांनी दिलेलं मत ६३ वर्षांनी, ती मुलं ७७ ची झाल्यावर पुन्हा ताडून बघितलं (१२०८ पैकी १७४ जण सापडले आणि तयार झाले) आणि दोन्हींचा संबंध जवळपास शून्य निघाला. इतक्या वर्षांत रांगसुद्धा विस्कटते तर. हे वाचल्यापासून पालकसभेत मी बराच शांत बसतो.

वीस ते चाळीस ह्या वयाकडे कोणाचं लक्षच नसतं आणि सगळ्यात जास्त सरकासरकी तिथेच होते. नोकरी, ईएमआय, लग्न, पोरं, माणूस हळूहळू शब्दाला जागायला लागतो, घालमेलही सरासरीने कमी होते. स्वतःची वही करणार असाल तर इथे एक फसवणूक सांभाळा. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांवर लोकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता, सगळ्या वयाचे लोक म्हणतात की मागच्या दहा वर्षांत मी खूप बदललो, पण पुढच्या दहा वर्षांत फारसा बदलणार नाही. म्हणून स्वतःच्या आठवणीवर विसंबू नका, जुने शेरे, जुनी पत्रं, आणि तुम्हाला वीस वर्षं ओळखणारा एखादा तोंडावर बोलणारा मित्र, हे साक्षीदार धरा. मी वही टेबलावर विसरलो तर अण्णांनी माझ्या पानावर लिहून ठेवलं, "पंख्याचे बटण बंद करत नाही. इ.स. १९९२ पासून." ही नोंद पक्की धरली.

साठीनंतरचं जरा सावकाश वाचा. ओळखीपाळखीचा गोतावळा लहान होणं नॉर्मल आहे, लॉरा कार्स्टेन्सन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं की पुढचा वेळ कमी आहे हे जाणवलं की माणूस मोजकीच जवळची माणसं ठेवतो, आणि त्यात सुखी पण असतो. दहा लग्नांपैकी दोनलाच जाणं म्हणजे माणूसघाणेपणा नव्हे. दुसरं, वय आणि पिढी ह्यात गल्लत करू नका. अण्णा ताटात शीत ठेवू देत नाहीत आणि ज्वारी वर्षाची भरतात, हे म्हातारपण नाहीच, १९७२ च्या दुष्काळात ते तेविशीत होते, मिलो आणि सुकडी खाल्लेला माणूस आहे. प्रश्न असा विचारा, हे ते चाळिशीत पण करायचे का? करायचे, तर वयाचं नाव घेऊ नका.

आणि तिसरं, ज्यासाठी ही वही मला सोन्यासारखी वाटते. वयाने होणारा बदल वर्षानुवर्षं सरकत येतो. काही महिन्यांत किंवा काही दिवसांत माणूस वेगळाच वागायला लागला तर "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडायचं नाही, डॉक्टर गाठायचा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, डिप्रेशन, डिमेन्शियाची सुरुवात (एका प्रकारात तर विसरण्याआधी वागणूकच बिघडते, आणि तो पन्नाशीतही येतो), म्हाताऱ्या माणसात साधं लघवीचं इन्फेक्शन झालं तरी दोन दिवसांत असंबद्ध बोलणं सुरू होऊ शकतं. अण्णांच्या वहीत पंधरा दिवसांत नऊ वेळा चिडल्याची नोंद होती, आणि नऊपैकी सात वेळा एक तर फोन चालू होता नाहीतर स्वयंपाकघरातून कोणीतरी काहीतरी विचारलेलं. बागेत, समोरासमोर बसून गप्पा मारताना एकदाही नाही. स्वभाव माणसाबरोबर सगळीकडे फिरतो, हा चिडकेपणा फिरत नव्हता. कानाची टेस्ट केली, दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. आम्ही सहा महिने त्यांना "ऐकून घ्यायचंच नसतं" म्हणत होतो.

मशीन लावल्यावर पुन्हा पंधरा दिवस नोंदी केल्या, तीन वेळा चिडले, त्यातलं दोनदा पंख्यावरून.

आता वर्षातून एकदा, दिवाळीची सुट्टी संपली की वही काढतो, प्रत्येकाच्या पानावर तारीख, वय आणि पाच-सात ओळी, आणि मागच्या वर्षीचं पान लिहून झाल्यावरच उघडायचं, आधी नाही, नाहीतर हात आपोआप तेच लिहितो.