गॅरेजच्या गाळ्याचं घर: आधी तेल, मग पत्रा, माळा शेवटी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातला एमआयडीसीचा गाळा राहण्यासाठी घेऊ नका. ती जागा उद्योगासाठी भाडेपट्ट्यावर दिलेली असते, त्यामुळे आत कितीही सजवलं तरी कागदावर तो कारखानाच राहतो. रहिवासी पट्ट्यातलं जुनं गॅरेज असेल तर वास्तुविशारदामार्फत वापरबदलाची परवानगी आधी घ्या.

मग जमिनीवर पेलाभर पाणी ओता. ते अळवाच्या पानावरच्यासारखं थांबलं, तर काँक्रीट तेल प्यायलेलं आहे. अशा जमिनीला टाइलचा गोंद धरत नाही आणि डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं रसायन, फक्त वरचा थर साफ करतं; आतलं तेल पुन्हा वर येतं. पाणी मुरायला लागेपर्यंत काँक्रीट छिन्नीने काढा. खालपर्यंत काळंच निघालं, तर काँक्रीटची अख्खी लादी फोडून २५० मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरा आणि वर १०० मिमी एम-२० मजबुतीचं काँक्रीट ओता. जमिनीचा उतार बहुतेकदा शटरकडे असतो, तोही तेव्हाच काढून टाका.

गाड्यांखाली उतरायचा खड्डा असेल तर तळाचा काळा चिखल खरवडून काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, पाणी मारा, धुम्मसाने ठोकून घट्ट करा. एकदम डेब्रिज लोटलं, की पावसाळ्यात नेमकी तिथलीच टाइल खचते.

छताला जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतू, आहे असंच धरा. तो कापू नका, भोकं पाडू नका. ओला करून अख्खा उतरवा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नवी मुंबईजवळच्या तळोज्याच्या धोकादायक कचरा केंद्रात पाठवा. त्याजागी ५० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) चांगलं. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वायसरसह मारा. खळग्यात मारलेला स्क्रू गळणारच. पॅनेल बसवायला वारा येतो त्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस सांध्यात घुसत नाही.

आता माळा. तो कैच्यांना, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींना, टांगू नका. त्या पत्रा आणि वारा एवढ्याच भारासाठी असतात. स्वतंत्र लोखंडी खांब, त्यांचा स्वतंत्र पाया, आणि चौरस मीटरला किमान २०० किलो वापरभार धरून अभियंत्याकडून आराखडा घ्या. खाली २.७५ मीटर उंची, माळ्याच्या तळाची जाडी पाव मीटर आणि वर किमान २.२ मीटर, म्हणजे पत्र्याखाली ५.२ मीटर हवेत. तेवढे नसतील तर माळ्याचा हट्ट सोडा. गरम हवा वरच साठते, म्हणून समोरासमोरच्या भिंतींत उंचावर खिडक्या ठेवा. बाथरूम मात्र खालीच बरं.

महावितरणचं मीटर घरगुती दरात बदलून घ्या, वायरिंग नवी करा, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा.

जिप्समचं छत पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावरच लावा. आधी लावलं, तर गळती त्याच्यामागे लपते आणि डाग दिसेपर्यंत फळ्या फुगलेल्या असतात.