रंगांची चित्रपुस्तकं वाचताना या चुका टाळा

रंगांचं पुस्तक उघडलं की आपल्यातला परीक्षक जागा होतो. पान उलटायचं, चित्रावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हा कुठला रंग?" भाचीबरोबर मी आठवडाभर हेच केलं. आठव्या दिवशी तिने दुसऱ्याच पानावर पुस्तक मिटलं आणि त्यावर फतकल मारून बसली.

तिचं काही चुकलं नव्हतं. एका शब्दात उत्तर संपलं की गप्पाही तिथेच संपतात. त्यापेक्षा "ही छत्री इथे कोण विसरलं असेल?" असं विचारा. मूल नुसतं "पिवळी" म्हणालं तरी चालेल. "हो, पिवळी छत्री, आणि दांडा बघ कसा वाकडा झालाय" असं त्याचंच बोलणं थोडं वाढवून परत द्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली महिनाभराचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अशा रीतीने वाचणाऱ्या पालकांची मुलं, नेहमीसारखं वाचून दाखवणाऱ्यांच्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेली होती.

दुसरी चूक आपली कमी, छापणाऱ्याची जास्त. 'लाल' हा शब्द लाल शाईत, 'निळा' निळ्या शाईत. मूल धडाधड "वाचतं", आपण हरखतो. प्रत्यक्षात ते शाई ओळखत असतं, अक्षरांकडे त्याचं लक्षच नसतं. खात्री करायची असेल तर तोच शब्द कागदावर साध्या पेन्सिलीने लिहून दाखवा. मूल अडखळलं तर घाबरू नका, वाचताना शब्दाखालून बोट फिरवायला लागा. 'लाल'मध्ये 'ल' दोनदा येतो, हे दाखवलं की मुलं तो इतर पानांवरही शोधत बसतात. एरवी चित्र समोर असताना छापील मजकुराकडे ती फारशी बघत नाहीत.

मराठीत आणखी एक गंमत आहे. चेंडू पिवळा, छत्री पिवळी, फूल पिवळं. पण लाल मात्र तिन्हीकडे लालच. म्हणून मूल कधी "लाली छत्री" म्हणालं तर हसू नका आणि "चूक!" असंही म्हणू नका. नियम त्याच्या कानाने पकडलाय, अपवाद तेवढा राहिलाय. आपण "हो, लाल छत्री" एवढंच म्हणून पुढे जायचं. भाषांतरित पुस्तकांत बऱ्याचदा पानभर नुसतं 'निळा' छापलेलं असतं, ना नाम ना वाक्य. तिथे वाक्य आपण तयार करावं.

आवाजांचा खेळ तर बहुतेक जण सोडूनच देतात. निळा, काळा, पिवळा, जांभळा हे सगळे 'ळा'वर संपतात. मधेच "हिरवा" म्हणा आणि वेगळा कोण ते विचारा. शब्दांतले आवाज सुटे ऐकू येणं ही वाचनाची मोठी पूर्वतयारी, आणि त्याला पुस्तक मिटलेलं असलं तरी चालतं.

रंगाचं नावच पक्कं होत नसेल तर आधी वस्तू सांगा, मग रंग: "चेंडू लाल आहे." लक्ष चेंडूवर गेलेलं असतं, त्यामुळे 'लाल' कशाबद्दल ते कळतं. पुस्तकात 'तपकिरी' आणि घरात 'चॉकलेटी' असेल तर दोन्ही सांगा. पुस्तकातला शब्द खोडू नका.

दोन-तीन वर्षांच्या मुलाने निळ्याला हिरवा म्हणणं सर्रास घडतं. पण चार-पाच वर्षांचं मूल, विशेषतः मुलगा, लाल-हिरव्यातच सतत गोंधळत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. हा रंगदोष बहुधा एक्स गुणसूत्रातून येतो. मुलग्यांना ते एकच असल्याने त्यांच्यात तो जास्त आढळतो. तपासणी होईपर्यंत त्या पानांवर रंग विचारू नका. छत्री कोणाची, ते विचारा.