लाइव्ह सीडी रॅममधून चालवताना या चुका टाळा

मालवण-वेंगुर्ल्याकडे जुन्या पीसीची हार्डडिस्क मेली की लाइव्ह सीडी (हार्डडिस्कवर काही न बसवता थेट सीडीवरून चालणारी लिनक्स सिस्टीम) घालून काम भागवणारे आजही आहेत. त्यांची तक्रार ठरलेली: डेस्कटॉप आला, सीडी काढली आणि मशीन अडकलं.

ते अडकणारच. सुरुवातीला कर्नलसोबत, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासोबत, मेमरीत चढतो तो इनिटआरडी, म्हणजे छोटासा रॅमडिस्क (रॅममध्येच मांडलेली तात्पुरती डिस्क). ड्रायव्हर लावायचे आणि सीडी शोधायची, एवढंच त्याचं काम. खरी सिस्टीम स्क्वॅशएफएस नावाच्या दाबून बांधलेल्या फाइलीत असते. ती सीडीवरच राहते आणि लागेल तसा तुकडा वाचला जातो. ट्रे बहुधा लॉक असतो, पण भोकात पिन घालून तो उघडणारे महाभाग भेटतातच. मग प्रत्येक कमांडला ‘इनपुट-आउटपुट एरर’.

सगळी सिस्टीम रॅममध्ये हवी असेल तर तसं सांगावं लागतं. डेबियन-उबुंटूच्या लाइव्ह सीडीत ग्रब मेनूवर (सुरू होताना दिसणारी पर्यायांची यादी) ‘ई’ दाबा, कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘टोरॅम’ (toram) हा पर्याय लहान इंग्रजी अक्षरांत, सलग लिहा आणि एफ१० दाबा. पपी लिनक्स ही छोटेखानी लिनक्स मात्र पुरेशी रॅम दिसली की आपणहून मेमरीत जाऊन बसतं. जुन्या मशीनला मी तेच सुचवेन.

आता धीर धरा. सीडी ड्राइव्हच्या २४एक्स वेगाने सेकंदाला ३.६ एमबी वाचलं जातं, म्हणजे ७०० एमबीला तीन-साडेतीन मिनिटं तरी हवीत. काळा स्क्रीन बघून रीसेट दाबू नका. ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय ना, मग काम चालू आहे.

रॅमचा हिशोब कोणी करत नाही. १ जीबी रॅममध्ये ७०० एमबीची इमेज टाकली तर ब्राउझरने जायचं कुठे? शिवाय तुम्ही नव्याने सेव्ह कराल ते टीएमपीएफएसवर (रॅममधली तात्पुरती साठवण), म्हणजे पुन्हा रॅममध्येच जातं, आणि त्याची मर्यादा सहसा एकूण रॅमच्या निम्मी असते. हार्डडिस्क रिकामी असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ येतं ते यामुळे.

‘स्क्वॅशएफएस एरर’ आली की आधी चकतीवर संशय घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत सीडीवर बुरशी धरते. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. नवी बर्न करताना आयएसओचा (डाउनलोड केलेल्या सीडी-इमेज फाइलीचा) चेकसम, म्हणजे फाइल बिनचूक उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवा आणि वेग कमी ठेवा. दुसऱ्या चकतीवरही तेच झालं तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून बघा.

आणि लाइट! पावसात ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेली की रॅममधलं सगळं गेलं. कामाच्या फाइली लगेच पेनड्राइव्हवर टाका. हार्डडिस्क शाबूत असेल तर विंडोजच्या पार्टिशनवर ठेवता येतात, पण ते ‘रीड-ओन्ली’च उघडत असेल तर विंडोज नीट बंद झालेलं नाही. फास्ट स्टार्टअपमुळे (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज अर्धवटच बंद होण्याची सोय) असं होतं. विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून ठेवत शट डाउन करा, मग सीडी घाला.