आरोग्य मोहिमेचा संदेश छापण्याआधी तपासावा कसा?

आधी एकच कृती ठरवा. ‘जुलाबात काळजी घ्या’ यातून कोणी, कधी, काय करायचे ते कळत नाही. ‘पहिल्या पातळ जुलाबापासूनच बाळाला साखर-मिठाचे पाणी पाजा’ यातून कळते.

मग कच्चे चित्र आणि मजकूर घेऊन, ज्यांच्यासाठी तो आहे अशा आठ-दहा जणांना एकेकटे भेटा. गटात विचारले की पहिला बोलतो तेच बाकीचे म्हणतात. ‘समजलं का?’ हा प्रश्न अगदी निरुपयोगी. उत्तर ‘हो’च येते. त्याऐवजी भांडे, चमचा, साखर, मीठ पुढे ठेवा आणि करून दाखवायला सांगा. प्रमाण असे: 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, त्याच चहाच्या चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ. चुका इथेच उघड्या पडतात: शिगोशीग भरलेला चमचा, साखर-मिठाची अदलाबदल, लिटरचा चुकलेला अंदाज. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, म्हणून चित्रात चमचा सपाट करणारी सुरी दिसलीच पाहिजे. ओआरएसची पुडी मिळत असेल तर आधी तीच, हेही लिहा.

दोघे-तिघे एकाच जागी अडखळले तर दोष चित्राचा. ते बदला आणि नव्या माणसांकडून पुन्हा तपासून घ्या.

भेदरवणारी चित्रे शक्यतो नकोत. उपाय हाताशी नसला की माणूस नजर फिरवतो.

आणि आरोग्य केंद्रात पुड्यांचा साठाच नसेल तर पोस्टर थांबवा. साठा नसल्याच्या तारीखवार नोंदी जोडून लेखी मागणी करा, पोच घ्या.