महागडी डीपीटी की परवडणारी? प्रवेश स्वीकारण्यापूर्वी या चुका टाळा

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट होण्यासाठी आता डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) हीच पदवी घ्यावी लागते आणि तिला साधारण तीन वर्षे लागतात. दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रे हातात आली, त्यांतले एक नावाजलेले व महाग आणि दुसरे राज्य विद्यापीठाचे व बऱ्याच कमी खर्चाचे असले, की इथल्या मराठी घरांतून माझ्याकडे विचारणा होते. मी एका रुग्णालयात काम करते आणि डीपीटीच्या विद्यार्थ्यांना तिथे रुग्णांसोबतचे काम शिकवते. माझे मत असे, की मान्यता आणि निकाल तुल्यबळ असतील, तर पदवीच्या दिवशी डोक्यावर कमी कर्ज ठेवणारी जागा घ्यावी. मात्र कोणती जागा खरोखर कमी खर्चाची आहे, हे ठरवतानाच बहुतेकांची गल्लत होते.

केवळ ट्यूशनचा आकडा पाहणे

डीपीटीच्या अभ्यासक्रमात किमान ३० आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल प्रशिक्षण असते आणि ते विद्यापीठाच्याच गावात होईल याची हमी नसते. त्या काळातही ट्यूशन भरावी लागते, प्रवास आणि राहणे वेगळे. माझ्याकडे १२ आठवड्यांसाठी आलेल्या एका विद्यार्थिनीने वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले होते: एका रकान्यात विद्यापीठाच्या गावातल्या घराचे भाडे, जे करारामुळे सोडता येत नव्हते, आणि दुसऱ्यात इथल्या खोलीचे. दिवसभर रुग्णांना कमरपट्ट्याने धरून चालवायचे, नोंदी पूर्ण करायच्या आणि संध्याकाळी ते रकाने जुळवत बसायचे, असा तिचा क्रम होता. तिचे विद्यापीठ कागदावर दोन पर्यायांपैकी स्वस्त होते, परंतु तिच्या चारपैकी तीन रोटेशन्स, म्हणजे क्लिनिकल प्रशिक्षणाचे टप्पे, परगावी लागली होती.

म्हणून प्रवेश कार्यालयाला विचारावे, की गेल्या तुकडीतील किती विद्यार्थ्यांना रोटेशनसाठी गाव सोडावे लागले आणि किती वेळा. दोन वर्षांच्या हायब्रिड, म्हणजे बऱ्याच अंशी ऑनलाइन, अभ्यासक्रमांत हाच हिशेब प्रत्यक्ष प्रयोगसत्रांसाठीच्या विमानप्रवासाचा करावा लागतो. अर्थात तिथे एक वर्षाचा राहण्याचा खर्च वाचतो आणि पगार वर्षभर आधी सुरू होतो, ही बाजूही तितकीच खरी आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आपल्या खर्चाचे माहितीपत्रक संकेतस्थळावर ठेवावे लागते. दोन्ही विद्यापीठांची पत्रके शेजारी ठेवून शुल्क, विमा, भाडे आणि व्याज अशी एकूण बेरीज करावी.

नावासाठी पैसे मोजणे आणि निकाल न पाहणे

परवाना परीक्षा, म्हणजे एनपीटीई, सर्वांना एकच असते. तिचे गुण २०० ते ८०० या पट्टीवर मोजतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६०० लागतात. परवान्यावर विद्यापीठाचे नाव येत नाही. माझ्या अनुभवात पगार ठरतो तो राज्यावर, अनुभवावर आणि काम रुग्णालयात आहे, बाह्यरुग्ण केंद्रात आहे की रुग्णाच्या घरी जाऊन करायचे आहे यावर. अमेरिकी श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत फिजिकल थेरपिस्टचे मध्यक वार्षिक वेतन १,०१,०२० डॉलर होते, म्हणजे निम्म्या थेरपिस्टांना त्याहून कमी मिळत होते, आणि तेही करापूर्वी.

याचा अर्थ कोणतीही स्वस्त जागा चालेल असा मात्र नाही, आणि इथे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिली गोष्ट कॅप्टी या, फिजिकल थेरपीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या, संस्थेची मान्यता. अभ्यासक्रम नवा असेल आणि अजून 'उमेदवार' दर्जावर असेल, तर पदवीपर्यंत पूर्ण मान्यता न मिळाल्यास विद्यार्थ्याच्या परीक्षेचा आणि परवान्याचा मार्गच अडतो. दुसरी गोष्ट निकालाची टक्केवारी. 'अंतिम उत्तीर्ण' हा आकडा सर्व प्रयत्न मिळून काढलेला असतो आणि कॅप्टीची किमान अपेक्षा दोन वर्षांच्या सरासरीत ८५ टक्क्यांची आहे. 'पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण' हा आकडा वेगळा असतो आणि दोन अभ्यासक्रमांतला खरा फरक बहुधा तिथेच दिसतो. तिसरी गोष्ट, प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचतात. मध्येच गळलेल्या विद्यार्थ्याकडे कर्ज उरते, परवाना नाही.

कर्ज मिळेलच असे धरून चालणे

पूर्वी ग्रॅड प्लस या केंद्रीय कर्जातून अभ्यासक्रमाचा जवळजवळ सगळा खर्च भागवता येत असे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही सोय बंद करण्याचे ठरले. त्या कायद्यानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना केंद्रीय कर्जाची वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर अशी मर्यादा आहे. 'व्यावसायिक' पदव्यांसाठी ती वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० आहे, पण शिक्षण खात्याच्या नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यातील व्याख्येत फिजिकल थेरपी धरलेली नव्हती. २०,५०० प्रमाणे तीन वर्षांचे ६१,५०० होतात. महागड्या विद्यापीठात वरची रक्कम खासगी कर्जातून उभी करावी लागते, त्यासाठी बहुधा सहकर्जदार म्हणून आईवडिलांची सही लागते, आणि ना-नफा रुग्णालयात १२० हप्ते फेडल्यावर मिळणारी केंद्रीय कर्जमाफी त्या कर्जाला लागू होत नाही.

हप्त्याचा अंदाज घ्यावा. २०२५-२६ चा पदव्युत्तर केंद्रीय कर्जाचा ७.९४ टक्के दर आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर दीड लाख डॉलरवर महिन्याला सुमारे १,८१५ डॉलर आणि ७०,००० वर सुमारे ८५० डॉलर भरावे लागतात. शिवाय व्याज शिक्षण चालू असतानाच साचू लागते. मोठा हप्ता असलेला नवा थेरपिस्ट लहान मुलांसोबत किंवा ग्रामीण दवाखान्यात काम करण्याची इच्छा बाजूला ठेवून जास्त पैसे देणारी जागा धरतो, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते.

व्हिसाचा विचार उशिरा करणे

एच-फोर (एच-वन-बीवरील नोकरदाराच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-वन (विद्यार्थ्यांचा) व्हिसावरील विद्यार्थ्याला केंद्रीय कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डधारकाला मिळू शकते. एच-फोरवरील मुलाला २१ व्या वर्षी तो दर्जा सोडावा लागतो आणि डीपीटी सुरू होते ती साधारण त्यानंतरच. त्यामुळे राज्यातील रहिवाशांसाठीचे कमी शुल्क पुढेही मिळेल का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

मुंबई-पुण्यात बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेल्यांनी तर पुन्हा तीन वर्षांची पदवी घेण्याआधी आपल्या शिक्षणाचे मूल्यांकन करून घ्यावे. काही विषयांची कमतरता भरून काढल्यावर एनपीटीईला बसण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध असतो आणि तो कितीतरी कमी खर्चाचा ठरू शकतो.

महाग जागा आधीच स्वीकारली असेल तर

भरलेली अनामत रक्कम सहसा परत मिळत नाही, पण ती वाया जाईल म्हणून त्याहून कितीतरी मोठे कर्ज अंगावर घेणे योग्य नाही. दुसऱ्या विद्यापीठाला जागा अजून शिल्लक आहे का, हे त्याच दिवशी विचारावे. जागा बदलणे शक्य नसेल, तर आर्थिक साहाय्य कार्यालयाला दुसऱ्या प्रवेशपत्राची प्रत जोडून शिष्यवृत्ती किंवा पदव्युत्तर सहायकपदाची लेखी विनंती करावी आणि घराजवळच्या, नातेवाइकांकडे राहून करता येतील अशा रोटेशन्सची मागणी क्लिनिकल समन्वयकाकडे पहिल्याच सत्रात नोंदवावी.