जवानाची मेडिकल कॅटेगरी कशी वाचावी आणि पलटणीची नफरी (माणसांची संख्या) कशी मोजली जाते

बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत, खानापूर तालुक्यात आणि निपाणीच्या पट्ट्यात फौजेतला माणूस नाही अशी गल्ली शोधावी लागते. सुट्टीवर आलेला मुलगा जेवता जेवता "मला कॅटेगरी लागली" असे म्हणतो, म्हणजे डॉक्टरांच्या बोर्डाने प्रकृतीनुसार खालचा वर्ग दिला असे सांगतो, तेव्हा घरात दोनच अर्थ निघतात. आईला वाटते की नोकरी गेली, आणि वडिलांना वाटते की आता बदली घराजवळ होईल. हे दोन्ही अर्थ बहुधा चुकीचे असतात. पलटणीच्या कार्यालयात क्लार्क म्हणून मी बरीच वर्षे हेच कागद भरले आणि निवृत्तीनंतर गावातली मंडळी तेच कागद घेऊन माझ्या पडवीत येतात, म्हणून ते कसे वाचावेत हे एकदा नीट लिहून ठेवत आहे.

आधी कागदावरची मुख्य ओळ शोधावी. ती साधारण अशी असते: एस-१, एच-१, ए-३ (टी-२४), पी-१, ई-१. या पाच अक्षरांना मिळून फौजेत ‘शेप’ म्हणतात. एस म्हणजे मनाची स्थिती, एच म्हणजे ऐकू येणे, ए म्हणजे हातपाय व सांधे, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, आणि ई म्हणजे नजर. यातले पी हे सर्वांत मोठे पोते आहे, कारण रक्तदाब, साखर, हृदय, फुप्फुसे, वाढलेले वजन असे पुष्कळ काही त्यातच येते.

अक्षरापुढचा आकडा १ पासून ५ पर्यंत असतो. १ म्हणजे कुठेही, कोणत्याही कामाला योग्य. पाचही अक्षरांपुढे १ असेल तर जवान ‘शेप-वन’ ठरतो. २ म्हणजे बहुतेक सर्व कामे करता येतील, पण अतिशय ताणाच्या कामाला मर्यादा आहे. ३ म्हणजे नेहमीचे किंवा बैठे काम करता येईल, परंतु नेमणुकीवर स्पष्ट बंधने आहेत. ४ म्हणजे सध्या इस्पितळात किंवा सिक लीव्हवर असल्यामुळे तात्पुरता अयोग्य, आणि ५ म्हणजे लष्करी सेवेसाठी कायमचा अयोग्य. नोकरी जाण्याची भीती खऱ्या अर्थाने ५ या आकड्याशी जोडलेली आहे. २ किंवा ३ पाहून रडारड करण्याचे कारण नाही.

कंसातले अक्षर लोक वाचत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. टी म्हणजे तात्पुरती आणि टी-२४ म्हणजे २४ आठवड्यांसाठी. ती मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. पी अक्षर कंसात आले तर कॅटेगरी कायम स्वरूपाची असते, पण ‘कायम’ म्हणजे जन्मभर नव्हे. तिचेही दर दोन वर्षांनी पुनरावलोकन होते आणि प्रकृती सुधारली असेल तर ती वर जाऊ शकते, म्हणजे आकडा १ कडे येतो. पुढच्या बोर्डाची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी, कारण तारीख चुकलेला जवान कागदोपत्री मध्येच लटकत राहतो.

या ओळीखाली बहुधा आणखी एक नोंद असते, तिला ‘कोप’ म्हणतात. माझ्या मते घरच्यांनी आणि कंपनी कमांडरनेही हीच नोंद अधिक बारकाईने वाचावी. शेप सांगते की शरीराच्या कोणत्या भागात उणीव आहे. कोप सांगते की त्या उणिवेसह हा माणूस कुठे आणि कोणत्या कामावर ठेवता येईल. त्यात हवामान व भूप्रदेशाची बंधने येतात, उदाहरणार्थ २,७०० मीटरपेक्षा उंच जागी पाठवू नये. वैद्यकीय देखरेख किती लागेल हे येते. धावणे, ओझे उचलणे अशा शारीरिक कामांची मर्यादा येते. आणि शेवटी खास मनाई येते, जसे की शस्त्र हाताळू देऊ नये किंवा वाहन चालवू देऊ नये. एकाच पी-२ आकड्याचे दोन जवान असतील, त्यांतला एक राजस्थानच्या सीमेवर पूर्ण कामाचा ठरेल आणि दुसऱ्याला जवळ तज्ज्ञ डॉक्टर लागत असल्यामुळे मोठ्या छावणीबाहेर काढता येणार नाही. म्हणून ‘फिट आहे का’ असे विचारू नये. कशासाठी फिट, कुठे फिट आणि केव्हापर्यंत, असे तीन प्रश्न विचारावेत.

कॅटेगरी एका दिवसात लागत नाही. जवान सकाळी सिक रिपोर्टमध्ये नाव देतो, पलटणीचा डॉक्टर त्याला एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या तपासणी खोलीत, तपासतो, आणि साधे दुखणे असेल तर औषध देऊन किंवा काही दिवस पीटी व परेडमधून सूट देऊन प्रकरण तिथेच मिटते. दुखणे टिकले तर त्याला मिलिटरी हॉस्पिटलकडे पाठवले जाते, तज्ज्ञाचे मत येते, आणि मग मेडिकल बोर्ड बसून कॅटेगरी ठरवतो. बोर्डाचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१५. सेवेतून बाहेर पडताना होणाऱ्या बोर्डाचा कागद १६ क्रमांकाचा असतो, आणि हे दोन क्रमांक अदलाबदल करून सांगणारे सल्लागार मी कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर बरेच पाहिले आहेत. मनाच्या स्थितीचा प्रश्न असेल तर कमान अधिकाऱ्याकडून जवानाच्या वागण्याबद्दल वेगळा अहवालही मागवला जातो, कारण पाच-दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरला जे दिसत नाही ते सेक्शनमधल्या लोकांना महिनाभर दिसत असते.

बोर्ड मंजूर झाला की पलटण त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा आदेश, काढते आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच असल्यामुळे आपल्याकडच्या कुटुंबांना ही एक सोय आहे. पार्ट टू ऑर्डर निघाली का, हे जवानाने स्वतः कंपनीच्या क्लार्कला विचारावे. बोर्डाने वर चढवलेली कॅटेगरी कागदावर न आल्यामुळे एका जवानाचा कोर्स हुकल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या वेळी टेबलामागे बसलेला क्लार्क मीच होतो.

मेडिकल कॅटेगरी आणि शारीरिक चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवावे. शेप-वन असलेला जवान बीपीईटीमध्ये, म्हणजे लढाईच्या तयारीच्या शारीरिक चाचणीत, नापास होऊ शकतो. त्या चाचणीत शस्त्र व सामान घेऊन ५ किलोमीटर धावणे, ६० मीटरची दौड, ९ फुटी खड्डा ओलांडणे आणि दोरावरची कामे असतात. पीपीटी या दुसऱ्या शारीरिक चाचणीत २.४ किलोमीटरची धाव, चिन-अप, सिट-अप वगैरे येते. डॉक्टर म्हणतो की शरीरात दोष नाही. चाचणी सांगते की ते शरीर तयार आहे की नाही.

आता पलटण ‘जाण्यायोग्य’ माणसे कशी मोजते ते पाहू, कारण एका जवानाच्या कागदाला खरे वजन तिथे येते. समजा एका कंपनीची कागदावरची नफरी १२० आहे. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. त्यांतले ३४ सुट्टीवर, ९ कोर्सवर, ५ बाहेरच्या ड्युटीवर आणि ३ इस्पितळात किंवा सिक लीव्हवर आहेत, म्हणजे सकाळच्या परेड स्टेटमध्ये (हजेरीच्या तक्त्यात) हजर उरले ६९. या ६९ पैकी ८ जणांची कॅटेगरी खालची आहे, पण सगळे ८ वजा करायचे नाहीत. काम उंच डोंगरावरचे असेल आणि ८ पैकी ६ जणांच्या कोपमध्ये उंचीची मनाई असेल, तर ६ वजा होतील. उरलेल्या दोघांना फक्त ऐकण्याची किंवा नजरेची किरकोळ मर्यादा असेल तर ते मोजणीत राहतील. राहिले ६३. त्यांतले ११ जण दोनच दिवसांपूर्वी लांब सुट्टीवरून परत आले आहेत आणि उंचीशी जुळवून घेण्याचे त्यांचे दिवस पूर्ण झालेले नाहीत, तेही गेले, राहिले ५२. दोघांना डॉक्टरने आज परेडमधून सूट दिली आहे. शेवटी हाती लागले ५०. कमान अधिकाऱ्याला हा ५० चा आकडा हवा असतो, आणि ‘१२० पैकी ६९ हजर’ एवढेच लिहून पाठवणाऱ्याने खोटे लिहिलेले नसले तरी उपयोगाचेही काही लिहिलेले नसते.

ही मोजणी करणाऱ्या नव्या क्लार्कसाठी दोन सूचना. पहिली म्हणजे, एक माणूस एकाच रकान्यात. सुट्टीवर असलेला जवान खालच्या कॅटेगरीचाही असेल, तर त्याला सुट्टीच्या रकान्यात धरावे आणि कॅटेगरीची वेगळी यादी जोडावी. नाहीतर तो दोनदा वजा होतो आणि बेरीज जुळवायला रात्र जाते. दुसरे म्हणजे, तपासणीची तारीख उलटून गेलेल्यांना ‘योग्य’ धरू नये. अमेरिकेच्या लष्कराची पद्धत मला या बाबतीत पटते. त्यांच्याकडे वैद्यकीय तयारीचे चार वर्ग आहेत: पूर्ण तयार, ७२ तासांत दूर होईल अशी उणीव असलेला, तयार नसलेला, आणि चौथा म्हणजे तपासणी न झाल्यामुळे ज्याचे काहीच सांगता येत नाही असा. ‘माहिती नाही’ याला स्वतंत्र रकाना दिला की ती माहिती ‘ठीक आहे’ म्हणून पुढे सरकवता येत नाही. ब्रिटिश लष्कर तीनच वर्ग करते: पूर्णपणे पाठवण्याजोगा, मर्यादेसह पाठवण्याजोगा आणि न पाठवण्याजोगा.

वरच्या उदाहरणातले ते ११ जण कोण, याचे उत्तर आपल्या गावांत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. गणपतीला किंवा भातकापणीला महिनाभराहून अधिक घरी राहिलेला धडधाकट मुलगा परत उंच भागात गेला की त्याला पूर्ण क्रम पुन्हा पाळावा लागतो: ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग सपाटीवर चालणे, मग थोडी चढण. हा क्रम मोडला तर फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका असतो, आणि तो धोका पैलवानालाही सोडत नाही. "आमचा पोरगा रोज तालमीत जातो, त्याला काय होते" असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. घरच्यांनी या चौदा दिवसांत ‘पोहोचलास का पोस्टवर’ असा तगादा लावू नये.

सुट्टीत आजारी पडल्यास किंवा अपघात झाल्यास काय करावे, यात सर्वांत जास्त चुका होतात. तातडीची वेळ असेल तर अर्थातच जवळच्या कोणत्याही दवाखान्यात न्यावे. परंतु त्याच दिवशी पलटणीला फोनने कळवावे आणि शक्य होताच जवानाला बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये हजर करावे. खाजगी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि बिले मूळ प्रतीत जपावीत. जखम असेल तर पलटणीला इंजुरी रिपोर्ट भरावा लागतो आणि गरजेप्रमाणे चौकशीही होते. दुचाकीवरून पडलेल्याने ‘घरात पाय घसरला’ असे सांगितले की पुढे दोन कागद दोन गोष्टी सांगू लागतात. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. रेशन कार्ड व इतर कागदांवर नाव कन्नडमध्ये असते, आणि त्यावरून इंग्रजी स्पेलिंग करताना आडनाव बदलते. दवाखान्यात नाव नोंदवताना फौजेच्या ओळखपत्रावरचे स्पेलिंगच द्यावे.

दुखणे लपवण्याबद्दलही लिहायला हवे. मी स्वतः तरुणपणी उंच भागात जाण्याआधी गुडघ्याचे दुखणे लपवले होते, कारण बरोबरीची सगळी पोरे निघाली होती आणि मागे राहण्याची लाज वाटत होती. दहाव्या दिवशी मला खाली आणायला चार माणसे लागली. मोजणीत मी एक म्हणून धरलो गेलो होतो. प्रत्यक्षात मी उणे चार ठरलो. उलट, नसलेले दुखणे सांगून सोपी जागा मिळवणारेही असतात. त्यांच्यामुळे डॉक्टर खऱ्या रुग्णाकडेही संशयाने पाहू लागतो.

बोर्डाला जाणाऱ्याने जुने सर्व वैद्यकीय कागद तारखेच्या क्रमाने लावावेत, घेत असलेल्या औषधांची यादी वेगळ्या कागदावर लिहावी आणि कोणते काम करताना त्रास होतो ते नेमके सांगावे. "पाय दुखतो" याऐवजी "पाठीवर सामान घेऊन उतरताना डावा गुडघा दुखतो" असे सांगितले तर कोपमधली मर्यादा योग्य लिहिली जाते. आणि बोर्डाचा कागद किंवा कंपनीची परेड स्टेट यांचे फोटो काढून गावच्या किंवा मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत. पहिला कागद त्या जवानाचा खाजगी आहे आणि दुसरा गुप्त.